दीड शेर ज्वारीचा भागाकार

रखमाजी मास्तरांना आमच्या गावात कुणी हुशार म्हणत नसे. चांगला माणूस म्हणत, आणि तेही जरा कीव केल्यासारखं. उंच, हाडकुळे, डोक्याला स्वच्छ धुतलेला पण कधीच धड न बांधलेला पटका, आणि बोलता बोलता मधेच थांबायची खोड. पाटील समोर असले तरी थांबायचे. लोकांना वाटे, याला उत्तर येत नाही. उत्तर त्यांना यायचं, पण ते बरोबर का आहे हे पाहिल्याशिवाय तोंडातून काढवत नसे. असल्या माणसानं शाळामास्तर होऊ नये, असं माझं आजही मत आहे.

आमचं गाव मंठ्यापासून सहा कोसांवर. निजामाचं राज्य होतं, सरकारी कागदावर फसली साल असायचं आणि शाळेला सगळे मदरसा म्हणायचे. मदरसा भरायचा मारुतीच्या देवळाच्या ओवरीत. वर्ग तीन, मास्तर एक. तिसरी झाली की शिक्षण संपलं. चौथी शिकायची तर मंठ्याला जायचं, तिथं कुणाच्या तरी घरी राहायचं, त्यांच्या चुलीवरचं खायचं. माझी सोय होती. आम्ही राजस्थानातले, पण आजोबांच्या आधीपासून इथलेच. गावात आमचं किराण्याचं दुकान आणि मंठ्यात काका अमरचंद यांची आडत. मी, बालकिशन, मंठ्याला जाणार हे घरात ठरलेलंच होतं. मच्छिंद्राची सोय नव्हती.

मच्छिंद्र गोजरबाईचा एकुलता एक. बाप गेलेला, दीराच्या वाट्याला लागून थोडी जमीन, ती दोघं मायलेकरं कसत. गोजरबाई बाई कडक, पण पोराच्या डोक्याचा तिला अभिमान होता. गावात चौथी असती तर सकाळी शाळा आणि मग शेत, असं तिनं निभावलं असतं. पोराला परगावी ठेवणं तिच्यानं होणार नव्हतं, आणि ते तिनं मास्तरांना स्पष्ट सांगितलं होतं. मास्तर चौथीसाठी अर्जावर अर्ज करत होते ते सगळ्या गावासाठी, असं ते म्हणायचे. पण आम्हा पोरांना ठाऊक होतं की त्यांच्या डोळ्यांपुढे एकच पोरगा आहे. मला राग यायचा. मीही काही दगड नव्हतो.

त्या काळी अपूर्णांक शिकवणं म्हणजे पाठ करून घेणं. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी. संध्याकाळी ओवरीत आम्ही रांगेनं बसून डोलत डोलत म्हणायचो आणि बाहेर पारावर बसलेले म्हातारे माना डोलवायचे. एखादा पोरगा अडखळला तर मास्तरांच्या आधी म्हातारेच पुढचं सांगायचे. भागाकाराचा नियम एका ओळीचा होता: ज्यानं भागायचं तो अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. दीडाला पावानं भागलं की सहा. आम्ही पाटीवर सहा लिहून मोकळे.

मच्छिंद्र मोकळा झाला नाही. तो म्हणाला, "मास्तर, भागलं म्हणल्यावर कमी व्हाया पायजे. हे तर वाढून राह्यलंय. दीडाचे सहा कसे झाले?"

दुसऱ्या कुठल्याही मास्तरनं कानाखाली दिली असती आणि धडा पुढे नेला असता. रखमाजी मास्तर थांबले. बराच वेळ थांबले. मग म्हणाले की, ठावं न्हाई, मला बघू दे. आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. मास्तरला येत नाही ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली, आणि माझ्या घरी तर जेवताना तिच्यावर चांगलीच करमणूक झाली.

थोड्या दिवसांनी मास्तर शाळेत मापं घेऊन आले. शेर, अर्ध्या शेराचं मापटं, पाव शेराचं चिपटं, सगळी माहीत असलेलीच. सोबत धोतराच्या सोग्यात ज्वारी. त्यांनी शेरानं एकदा आणि मापट्यानं एकदा ज्वारी मोजून फरशीवर ढीग केला. हा दीड शेर. आता यात चिपटं किती वेळा भरतं ते मोजा, म्हणाले. ते भरत गेले, आम्ही मोजत गेलो. सहा. वर एक दाणा उरला नाही.

भागणं म्हणजे प्रत्येक वेळी वाटणी नव्हे, ते म्हणाले. हे माप त्यात कितीदा बसतं असंही विचारता येतं. मच्छिंद्र ढिगाच्या जागेकडे पाहत होता. "मंग वाढलं कुठं?" तो हळूच म्हणाला. "दाणे तेवढेच हायेत. माप ल्हान झालं म्हणून येळा वाढल्या."

मास्तरांचा चेहरा त्या वेळी जसा झाला तसा मी नंतर कधी पाहिला नाही, त्यांच्या मुलीच्या लग्नातसुद्धा नाही.

पुढे तर मौजच झाली. पाऊण शेराचं माप कुणाकडे नसतं, म्हणून मास्तरांनी कुंभाराकडून एक गाडगं आणलं आणि तीन चिपटी बसतात तिथं कोळशानं रेघ ओढली. दोन शेरांना पाऊण शेरानं भागा. गाडगं दोनदा भरलं आणि अर्धा शेर उरला. सगळा वर्ग ओरडला, अडीच. मीही. मच्छिंद्र एकटाच म्हणाला की उरलेला अर्धा हा शेराचा अर्धा आहे, गाडग्याचा नाही; गाडग्यात तीन चिपटी बसतात, उरली दोन, म्हणून दोन पूर्ण आणि तिसऱ्या गाडग्याचे तीनातले दोन भाग. मास्तरांनी पाटीवर नियमानं करून दाखवलं. तेच आलं. शंका आली की पाठापेक्षा मापाचं ऐकावं, ते म्हणाले. मी पाटीकडे पाहिलं, गाडग्याकडे पाहिलं, आणि मला काहीही कळलं नाही. खोटं कशाला बोलू.

पोरांच्या आयांना हे पटत नव्हतं. धान्य काय खेळायची वस्तू आहे? मदरशात ज्वारी सांडते, उंदीर होतात, अवसेला माप बाहेर काढलं म्हणून एकीनं दारात येऊन मास्तरांना फैलावर घेतलं. तेव्हापासून मास्तर मापं कुणा पोराच्या हातात देईनात. भरायचं त्यांनीच, मोजायचं आम्ही. ही गोष्ट लहान होती. सगळा घात तिथंच झाला.

माघात तपासणी आली. तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, साहेब मूळचे हैदराबादचे, वयस्क, वागायला सभ्य. मराठी त्यांना समजायची, बोलायचे मात्र दखनी. मागच्या खेपेला त्यांनीच मास्तरांना सांगितलं होतं की तिसरीचा हिशेब पक्का दिसला तर चौथीची शिफारस करीन. मास्तरांनी ते गावात कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त गोजरबाईला सांगितलं होतं. तपासणीच्या दिवशीची ज्वारी तिनंच दिली, पाखडून, निवडून, नव्या फडक्यात बांधून. पोराला सदरा धुऊन घातला आणि बजावलं की साहेब पाहुणा माणूस, त्याच्यासमोर माप भरशील तर हात आखडू नको.

साहेबांनी पहिली-दुसरीचं वाचन घेतलं, तिसरीची कविता घेतली, खूश दिसत होते. मग हिशेबाकडे वळले. मास्तरांनी आपली रीत सांगितली. साहेबांना नवल वाटलं. करून दाखवा म्हणाले. मास्तरांनी दीड शेर ज्वारी मोजून ढीग घातला. आणि मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, कदाचित पोराचं डोकं साहेबांना दिसावं एवढंच असेल, त्यांनी चिपटं मच्छिंद्राच्या हातात दिलं. दीडाला पावानं तक्सीम कर, साहेब म्हणाले, म्हणजे भाग.

मच्छिंद्रानं चिपटं भरलं. त्याच्या घरी भरतात तसं भरलं, वर शीग येईपर्यंत, दाणे कडेनं घरंगळू लागेपर्यंत. शेतकऱ्याच्या घरात भरल्या मापावरून हात फिरवत नाहीत. हात फिरवला की घरातली बरकत पुसली जाते, असं लहानपणापासून पोरांच्या मनात भरलेलं असतं, आणि पाहुण्यासमोर तर शिगेची दोन बोटं जास्तच. मास्तर शिकताना जालन्यात एका आडत्याच्या दुकानात राहिलेले. तिथं सकाळी झाडलोट आणि मापं, मग शाळा. माप भरलं की तळहात त्यावरून सपाट फिरवायचा हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं, इतकं की आपण तसं करतो हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. दीड शेर मास्तरांच्या हातचा सपाट, आणि चिपटी गोजरबाईच्या घरची, शिगेची.

मी दुकानदाराचं पोर. आमच्याकडे घेताना शीग आणि देताना सपाट, दोन्ही चालायचं. हे आम्हाला शिकवावं लागत नाही. दुसरं चिपटं शिगेनं भरलेलं पाहिलं तेव्हा मी मागून कुजबुजलो, हात फिरव. साहेबांनी ऐकलं. त्यांना वाटलं मी उत्तर सांगतोय. मला उठवून त्यांनी देवळाच्या पायरीवर नेऊन उभं केलं. तिथून मला सगळं दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं.

पाच चिपटी भरली आणि ज्वारी संपली.

मच्छिंद्र फरशीवरून हात फिरवत राहिला, कुठं दाणे दडलेत का पाहिलं. नव्हते. साहेबांनी विचारलं, किती. तो म्हणाला, "पाठातनं सहा येतंय, साहेब. पन माप पाचच भरून राह्यलंय."

साहेबांनी विचारलं, यातलं खरं कुठलं? पोरगं मास्तरांकडे बघत राहिलं. मास्तर थांबलेले होते, त्यांच्या त्या जुन्या खोडीप्रमाणे. ढिगाच्या रिकाम्या जागेकडे बघत होते आणि बोलत नव्हते. तेव्हा मच्छिंद्रानं त्यांनीच शिकवलेलं उत्तर दिलं. "मास्तर म्हणतेत, पाठापरीस मापाचं ऐकावं. पाच."

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खांद्यावर हात ठेवून पोराला बसवलं आणि मास्तरांना बाजूला घेऊन मऊ आवाजात समजावलं की, असले खेळ शहरातल्या मोठ्या शाळांत ठीक, खेड्यात पोरांची पावकी तेवढी पक्की असली तरी पुष्कळ. तिसरीतल्या चांगल्या पोराला दीडात पाव किती हे येत नाही, तर चौथी कशावर मागायची? मास्तर मान हलवत राहिले. शिफारस झाली नाही.

साहेबांची गाडी गेल्यावर मास्तरांनी मला पायरीवरून बोलावलं आणि विचारलं, तू काय सांगून राह्यला होतास त्याला? मी सांगितलं. ते खाली बसले, चिपटं सपाट करून मोजलं, मग शीग ठेवून मोजलं. एकदा सहा आले, एकदा पाच. पुन्हा मोजलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मोठा माणूस असा बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला आणि मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी ते पायी मंठ्याला गेले, साहेबांना मुक्कामी गाठून मापाची गोष्ट सांगितली. साहेबांनी चहा पाजला, मन लावून ऐकलं, हसलेही. पण शिफारशीचे कागद पुढे गेले होते, आणि शिगेचं कारण वर लिहून कळवणार तरी कसं? पुढच्या वर्षी पाठांतर करून घ्या, म्हणाले.

इकडे गावानं मच्छिंद्राचं नाव पाच्या ठेवलं. गावाला एवढं पुरतं. विहिरीवर पाच्या, गोठ्यात पाच्या, बाजारात कुणी शेंगा मोजून घेतल्या तरी म्हणायचे, पाच्याला विचारून घ्या. तो शाळेत यायचा थांबला. मी मंठ्याला जायच्या आधी मास्तर मला घेऊन त्याच्या शेतावर गेले, मापं आणि ज्वारी पिशवीत घालून. का नेलं असेल मला? साक्षीला, असं वाटतं. मच्छिंद्र बैलांना पाणी दाखवत होता. गोजरबाई बांधावर बसून होती.

मास्तरांनी त्या बांधावरच पटका अंथरला, त्यावर दीड शेर ज्वारी सपाट मोजून ओतली आणि त्याला सगळं समजावलं. तुझी चूक नव्हती, माझा हात सपाट होता, तुझा शिगेचा होता, दोघांनी दोन रीतीनं मोजलं. मग पोरानं स्वतः चिपटं घेतलं, आईकडे एकदा पाहिलं आणि मापावरून तळहात फिरवला. गोजरबाईनं तोंड वळवलं. सहा आले.

"मंग साहेबाम्होरं का बोलले न्हाईत?" त्यानं विचारलं.

"तवा मलाच ठावं नव्हतं, बाळा."

मच्छिंद्रानं चिपटं खाली ठेवलं. "मंग ठावं न्हाई असं म्हणायचं व्हतं. मला म्हणल्ते तुमी, भर वर्गात. साहेबाला का न्हाई म्हणले? तुमी गप बसले, तवा मी समजलो माझंच चुकलं."

मला तेव्हा पोराचा राग आला. एवढा मोठा माणूस उन्हातून चालत आला आणि हा त्याला उलट विचारतो. आता वाटतं, त्याच्या जागी दुसरं काय विचारायचं असतं? मास्तर साहेबांना भ्याले नव्हते. चौथी हातची जाईल याला भ्याले होते, आणि ज्याच्यासाठी ती हवी होती त्यालाच त्यांनी त्या घडीला एकटं सोडलं. गोजरबाई उठली आणि म्हणाली की मास्तर, आता आमचं काम खोळंबून राह्यलंय. आम्ही मापं गोळा केली आणि परत आलो.

पुढचं मला सुट्टीत घरी आल्यावर कळत गेलं. मास्तरांनी मापं कोनाड्यात टाकली ती टाकली. सकाळ-संध्याकाळ पाठांतर. पारावरचे म्हातारे खूश, आया खूश. पुढच्या तपासणीला तेच साहेब आले. तिसरीची पोरं औटकीपर्यंत धडाधड म्हणाली, दीडाला पावानं भागा म्हटल्यावर सगळ्यांनी एका दमात सहा सांगितले. सहा का, हे साहेबांनी विचारलं नाही आणि पोरांनाही तो प्रश्न पडला नव्हता. साहेबांनी पाठ थोपटली. गावाला चौथी मिळाली.

मास्तर त्याच दिवशी शेताकडे गेले होते, एकटेच. मच्छिंद्रानं पाणी दिलं, सावलीत बसवलं, आदरानं बोलला. चौथीचं नाव काढल्यावर म्हणाला की मला त्यातलं बिलकुल जमत न्हाई, मास्तर, आन आता जमवायचं बी न्हाई. मास्तरांनी गोजरबाईकडे पाहिलं. वर्षापूर्वी जी बाई पोराला धुतलेला सदरा घालून पाठवत होती, ती म्हणाली की त्यो म्हणतोय तसं. मास्तर नंतर दोनदा-तीनदा गेले. मग जायचे थांबले.

रझाकारांच्या धामधुमीनंतर निजामाचं राज्य गेलं, मदरशाची शाळा झाली, फसली साल गेलं. मी तेव्हा काकांच्या आडतीवर बसत होतो आणि एकदा गावी आलो असताना ओवरीसमोरून चाललो होतो. मास्तर म्हातारे झाले होते. वर्गात कुणी एक पोरगी उभी राहून काहीतरी विचारत होती. शब्द मला ऐकू आले नाहीत. मास्तर थांबले नाहीत, क्षणभरही नाही. त्यांनी हातानं तिला बसायची खूण केली आणि म्हणाले, नियम पाठ कर. ती बसली. सगळा वर्ग म्हणायला लागला, आणि पाठांतर इतकं चोख होतं की मला तिथं उभं राहवेना.